कॉलेजच्या प्रेमपटाचा ट्रेलर: दाविंची रिझॉल्व्ह फुकटात कितपत पुरतं?

पुण्यातला फर्ग्युसन रस्ता, झेड ब्रिज आणि एक न पाठवलेला मेसेज, एवढ्या ऐवजाचा दीड मिनिटांचा ट्रेलर कापायला दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरून उरते. अल्ट्रा एचडीपर्यंत एक्सपोर्ट होतो. कलर ग्रेडिंग, म्हणजे दृश्यांचे रंग जुळवणं, ही तर याची खरी ताकद.

गोची फोनच्या फुटेजने होते. फोन बदलत्या फ्रेम रेटने (सेकंदाला कधी कमी, कधी जास्त चित्रं) शूट करतो, मग संवाद ओठांच्या मागे पडत जातात. आधी हँडब्रेक या मोफत कन्व्हर्टरमधून सेकंदाला २५ फ्रेमवर स्थिर करून घ्या. लिनक्सवाल्यांनो, फुकट आवृत्तीत एच.२६४ (व्हिडिओचा नेहमीचा फॉरमॅट) चालत नाही. चित्रातले दाणे घालवणारं नॉइज रिडक्शनही ‘स्टुडिओ’ या विकतच्या आवृत्तीतच, म्हणून पुलावरचा संध्याकाळचा शॉट कमी आयएसओवर (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) घ्या. ८ जीबी रॅमवर प्रॉक्सीशिवाय, म्हणजे फुटेजच्या हलक्या नकलांशिवाय, हात लावू नका.

मराठी टायटल बाहेर बनवून पारदर्शक पीएनजी आणणं बरं. जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट तपासता येतात.

पोस्टर मात्र यात करू नका. ए३, ३०० डीपीआय, चहूबाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड), फाइल सीएमवायके या छपाईच्या रंगपद्धतीत. स्क्रीनवरचा झगझगीत गुलाबी छपाईत मळका उतरतो (प्रेमपटवाल्यांना नेमका झगझगीतच हवा असतो!), तेव्हा नारायण पेठेत छापायला टाकण्याआधी एक प्रत काढून बघा. रीलसाठी १०८० बाय १९२० ची वेगळी टाइमलाइन करा, तारीख तळाशी नको. तिथे कॅप्शन येतं.