जुने डॉस गेम रंगीत: डॉसबॉक्स बरेच महिने वापरल्यावर

पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानात माझा भंगारातून वाचवलेला सीजीए (जुन्या पीसीचं रंगीत ग्राफिक्स कार्ड) मॉनिटर नेला, तर त्याने मागचं झाकणसुद्धा न उघडता "फ्लायबॅक गेलाय, माल मिळत नाही" म्हणून सांगितलं आणि वर बघायचे दोनशे मागितले. काय बघितलं, धूळ? तिथेच वाजलं आमचं. मॉनिटर रिक्षात टाकून घरी आणला आणि ठरवलं, आता याच्यावर एक रुपया घालायचा नाही, डॉसबॉक्स (जुना डॉसचा पीसी आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम) फुकट आहे तेच वापरायचं. पावसाळ्यापासून तेच चालू आहे.

इन्स्टॉल, माउंट वगैरे सगळ्यांना येतं, ते सोडतो. मला रंगांबद्दलच बोलायचंय. आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सगळी हर्क्युलिस (एकरंगी) कार्डं आणि नारिंगी मॉनिटर, सीजीएचा गेम लावायचा तर आधी सिमसीजीए (हर्क्युलिसवर सीजीएची नक्कल करणारा प्रोग्राम) चालवा, मग गेम, आणि रंग आपले मनाने भरा. त्यामुळे डॉसबॉक्सच्या सेटिंगमध्ये मशीन सीजीए करून पॅराट्रूपर लावलं तेव्हा फार अपेक्षा होती हो. आलं काय? काळ्यावर फिरोजी, राणी कलर आणि पांढरा, संपले रंग. लग्नातल्या स्वस्त मांडवासारखं दिसतं ते. ३२० बाय २०० मध्ये एका वेळी चारच रंग हे माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि रोज डोळ्यांनी बघणं वेगळं. तेव्हाच लिहायला बसलो असतो तर दोन स्टार दिले असते.

मग किंग्ज क्वेस्टची १९८४ ची जुनी आवृत्ती लावली आणि एफ-१२ दाबून कंपोझिट (टीव्हीला जोडल्यासारखं चित्र) चालू केलं. स्क्रीनवर नुसत्या उभ्या काळ्या-पांढऱ्या रेघा होत्या, त्यांचं एकदम गवत झालं, पाणी झालं, राजवाडा झाला! गंमत अशी की सीजीएचा ६४० बाय २०० मोड खरं तर दोन रंगांचा, पण कार्डाचं पिक्सेल क्लॉक १४.३१८ मेगाहर्ट्झ, म्हणजे अमेरिकन एनटीएससी टीव्हीच्या कलर सिग्नलच्या बरोब्बर चौपट, म्हणून चार-चार ठिपक्यांचा गट टीव्हीला एक रंग वाटतो आणि १६ रंग मिळतात. आपल्याकडे टीव्ही पाल पद्धतीचे, तिथे हा हिशेब जुळतच नाही. आणि माझा तो मॉनिटर आरजीबीआय (प्रत्येक रंगाची वेगळी तार असलेला), त्याच्यात एनटीएससीचा संबंधच नाही, म्हणजे दुरुस्त झाला असता तरी त्याच्यावर रेघाच दिसल्या असत्या. दोनशे वाचले ते वाचलेच.

आता तक्रार. डॉसबॉक्स ०.७४ मध्ये टिंट (रंगांची छटा) लक्षात राहत नाही. गेम चालू केला की आकाश हिरवट, गवत जांभळट, मग एफ-११ दाबत बसा, एक जरा जास्त झालं की ऑल्ट धरून मागे या, तोपर्यंत घरातले विचारून जातात की हे काय चाललंय. एक आकडा फाइलमध्ये लिहून ठेवायची सोय द्यायला काय जात होतं? बाकी सगळं चांगलं असून मी याच एका गोष्टीवर वैतागून हे दोनदा काढून टाकलंय.

शेवटी एका मित्राने डॉसबॉक्स स्टेजिंग (डॉसबॉक्सचीच सुधारलेली आवृत्ती) टाकून दिलं. त्यात कंपोझिटचा वेगळा सेक्शनच आहे, ह्यू (म्हणजे तीच टिंट), सॅच्युरेशन, कार्ड जुनं की नवं, सगळं एकदा लिहिलं की कायमचं. आयबीएम ५१५३ मॉनिटरचे रंगही निवडता येतात, त्यात चॉकलेटी खरंच चॉकलेटी दिसतो (त्या मॉनिटरमध्ये गडद पिवळ्यातला हिरवा कमी करायचं सर्किटच होतं). आस्पेक्टचंही (चित्राच्या उंची-रुंदीचं प्रमाण) तिथे बघावं लागत नाही, जुन्यात ते स्वतः ट्रू करावं लागतं नाहीतर गोल चपटे दिसतात. म्हणून दोनाचे चार स्टार. पाचवा नाही, कारण एवढे ऑप्शन आहेत की कॉन्फिग फाइल वाचता वाचता गेम खेळायचा राहून जातो.

कंपोझिट सगळीकडे ऑन ठेवू नका मात्र, ऑटोवर असू द्या. ८० कॉलमची अक्षरं त्यात फुटतात, वर्डस्टार (जुना टायपिंगचा प्रोग्राम) तर वाचवतच नाही. त्याला मी मशीन हर्क्युलिस करतो आणि एफ-११ ने नारिंगी.