ऑक्टेव्ह, सायलॅब की पायथन? कंट्रोल लॅबमध्ये सेमिस्टरभर वापरल्यावर

कॉलेजच्या कंट्रोल सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला मॅटलॅब या गणिताच्या विकतच्या सॉफ्टवेअरच्या जागी फुकटचं काहीतरी हवं होतं, म्हणून ऑक्टेव्ह, सायलॅब आणि पायथन हे तिन्ही सेमिस्टरभर आलटून पालटून वापरले. आधीच सांगतो, सगळ्यात फास्ट कुठलं या प्रश्नात वेळ घालवू नका. मोठ्या मॅट्रिक्सचा गुणाकार यातलं कोणीच स्वतः करत नाही, आत सगळीकडे ब्लास आणि लॅपॅक या मॅट्रिक्स-गणिताच्या तयार लायब्ररी राबतात, तिथे फरक फारसा पडत नाही. तुमच्याकडे आधीचा कोड कसला पडलाय ते बघा, त्यावर सगळं ठरतं.

आमच्याकडे जुन्या बॅचेसच्या डॉट एम फायलींचा, म्हणजे मॅटलॅबमध्ये लिहिलेल्या कोडचा, ढीग आहे. ऑक्टेव्हमध्ये त्या बहुतेक जशाच्या तशा चालल्या, फक्त वर 'पीकेजी लोड कंट्रोल' अशी एक ओळ टाकायची, की बोडे, रूट लोकस, स्टेप रिस्पॉन्स हे कंट्रोलचे नेहमीचे आलेख सगळे हजर. जॉन ईटन यांनी १९९२ मध्ये हे लिहायला घेतलं तेव्हा केमिकल रिअॅक्टर डिझाइन शिकणारी पोरं डोळ्यासमोर होती, आणि शिकवायला ते आजही तितकंच सरळ आहे. अडतं कुठे, तर मॅटलॅबचा टेबल हा डेटाटाइप वापरलेल्या नव्या फायली मूळ ऑक्टेव्हमध्ये चालत नाहीत, आणि लांबलचक फॉर लूप रखडतात, तिथे लूप टाळून अख्ख्या व्हेक्टरवर एकदम क्रिया करूनच लिहावं लागतं. अजून एक, पोरांना 'एंडइफ' आणि हॅशची कॉमेंट लिहू देऊ नका, ऑक्टेव्ह ते मुकाट्याने चालवतं पण तीच फाइल मॅटलॅबमध्ये एरर देते.

सायलॅब फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतून आलं. दिसायला मॅटलॅबसारखं, पण भाषा वेगळी आहे राव! कॉमेंटला दोन तिरक्या रेघा, पाय (π) लिहिताना आधी टक्क्याचं चिन्ह, आणि ओडीई म्हणजे डिफरन्शियल इक्वेशन सोडवताना आधी सुरुवातीची व्हॅल्यू, मग वेळ, फंक्शन शेवटी. म्हणजे जुना कोड बसून बदलावा लागतो. तरी मी ते काढून टाकलं नाही, कारण त्यातलं एक्सकॉस हे ब्लॉक डायग्रामचं टूल. ब्लॉक जोडून पीआयडी कंट्रोलरचा लूप दाखवायचा तर या तिघांत सोबत येणारं तेच एक आहे, ऑक्टेव्हमध्ये मॅटलॅबच्या सिमुलिंकसारखं, म्हणजे ब्लॉक जोडायचं, काहीच नाही. शिवाय आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने कितीतरी पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये करून ठेवलीत आणि स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत, डिप्लोमातून आलेल्या पोरांना त्याचा फार उपयोग होतो.

नवीन प्रोजेक्ट कोऱ्या पानावरून सुरू करणार असाल तर मात्र सरळ पायथन घ्या. गणिताला नमपाय, सायपाय, आलेखांना मॅटप्लॉटलिब, वर कंट्रोलची वेगळी लायब्ररी, आणि पुढे नोकरीतही तेच लागतं. पण डॉट एमची सवय असलेल्याने तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. मोजणी शून्यापासून. नमपायच्या अॅरेमध्ये नुसतं गुणिले चिन्ह म्हणजे एकेका घटकाचा गुणाकार, मॅट्रिक्सच्या गुणाकाराला अॅटचं चिन्ह. आणि स्लाइस, म्हणजे अॅरेचा कापून घेतलेला तुकडा, ही कॉपी नसते, तुकड्यात बदल केला की मूळ अॅरेही बदलतो, एरर काहीच येत नाही आणि उत्तर चुकतं, हे सगळ्यात घातक.

ज्युलिया ही अजून एक फुकट भाषा लूपमध्ये खरंच वेगवान आहे पण आमच्या प्रॅक्टिकलला त्याची गरज पडली नाही.

सध्या लॅबमध्ये ऑक्टेव्ह, ब्लॉक डायग्रामच्या प्रॅक्टिकलला सायलॅब, आणि फायनल इयर प्रोजेक्ट पायथनमध्ये असं ठेवलंय. विंडोजवर ऑक्टेव्हच्या इन्स्टॉलरसोबत कंट्रोल, सिग्नल ही पॅकेजेस येतातच, उबुंटूवर ती वेगळी टाकावी लागतात, तेवढं प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी करून ठेवा.