१३,२८० रुपये गेले ते सहा हलक्या बॅटऱ्यांपायी

सहा बॅटऱ्यांचे २,१५० प्रमाणे १२,९०० आणि कुरिअरचे ३८०, असे एकूण १३,२८० रुपये. लग्नाच्या बिलातून कापले गेलेले ९,००० वेगळेच. आकडे आधीच सांगतो, कारण गेले दोन महिने मी ते कुणाला नीट सांगितलेले नाहीत. बायकोलासुद्धा पहिल्यांदा आठ हजारच सांगितले होते.

मी लग्नाची शूटिंग करतो. ड्रिल मशीनच्या १८ व्होल्टच्या बॅटरीवर कॅमेऱ्याचं सामान चालवणं ही काही वेडगळ कल्पना नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण ज्याला ही गोष्ट सांगावी तो "कशाला नसते उद्योग करायला गेलास" असंच म्हणतो. चांगल्या ५ एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) पॅकमध्ये सहसा दहा सेल असतात. ३.६ व्होल्टच्या पाच सेलची एक ओळ आणि तिला जोडून तशीच दुसरी. १८ व्होल्ट गुणिले ५ एएच, झाले ९० वॅट-अवर. एवढ्याच ताकदीची, खास कॅमेऱ्यासाठीची व्ही-माउंट बॅटरी मला कुणी १२ हजारांच्या खाली सांगितली नाही. मी घरी बनवलेला ६० वॅटचा एलईडी पॅनेल, मोटरवर सरकणारा स्लायडर आणि मॉनिटर हे सगळं एका बॅटरीवर चालतं. पुण्याच्या तपकीर गल्लीतून व्होल्टेज खाली आणणारे बक कन्व्हर्टर आणले, १० अँपिअरचा फ्यूज टाकला आणि १५ व्होल्टला लाइन तोडणारं कट-ऑफही बसवलं. ते कट-ऑफ ज्यांनी लावलं नसेल त्यांनी आजच लावा. पुष्कळ ड्रिलच्या बॅटऱ्यांत कमी व्होल्टेजला बंद व्हायची सोय बॅटरीत नसतेच, ती मशीनमध्ये असते. आपण मशीन बाजूला काढलं की सेल पार मरेपर्यंत ओढले जातात.

म्हणजे माझ्या कामात खोट नव्हती. खोट मालात होती.

या बॅटऱ्यांची जाहिरात दिसली, फोनवर बोलणं झालं. माणूस दुसऱ्या राज्यातला, 'दुकान बंद करतोय, स्टॉक काढायचाय' म्हणाला. मी आंधळेपणाने पैसे पाठवले नाहीत. आधी २,४०० रुपये देऊन एकच बॅटरी मागवली. आली, चार्ज केली, लोड लावून म्हणजे तिच्यातून वीज ओढून मोजली. ४.७ एएच भरली. याहून जास्त खात्री कुणी कशी करायची? तिच्यावर मी एक बारसं आणि एक साखरपुडा पार पाडला. मग लग्नसराईच्या तोंडावर सहांची ऑर्डर दिली. पहिला नग खरा पाठवायचा आणि खरा हात पुढच्या ऑर्डरीत मारायचा, हा डाव तुम्हाला ठाऊक असेल. मलाही ठाऊक होता, दुसऱ्यांच्या बाबतीत.

पार्सल आलं ते लग्नाच्या आदल्या संध्याकाळी. खोका मी स्वयंपाकघरातच उघडला. एक बॅटरी उचलली आणि हात जरा जास्तच वर गेला. म्हणजे जेवढा जोर लावून उचलली तेवढा जोर लागलाच नाही. दुसऱ्या हातात जुनी, पहिली बॅटरी घेतली. फरक हाताला कळत होता. बायको म्हणाली, "अहो, ही रिकामी वाटत नाही का?" ती लाडवाच्या ऑर्डरी घेते, तिचा काटा ओट्यावर माझ्यापासून दोन हातांवर होता. मी काट्यावर ठेवायची सोडून त्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "नया सेल है, हल्का आता है." आणि मी ते मानलं! तेच शब्द बायकोला ऐकवले, वर समजावून सांगितल्यासारखे.

नंतर वजन केलं. जुनी ६३५ ग्रॅम, नव्या ३८५ च्या आसपास. या पॅकमध्ये असतात त्या १८६५० मापाच्या एका सेलचं वजन साधारण ४५ ते ४८ ग्रॅम असतं. अडीचशे ग्रॅम कमी म्हणजे पाच सेल गायब. हा हिशोब मला तोंडपाठ आहे. त्या संध्याकाळी काट्यापर्यंत हात गेला असता तर पैसे गेले असते, पण लग्न वाचलं असतं.

दुसरी खूणही त्याच रात्री समोर होती. २ अँपिअरच्या चार्जरवर पहिल्या बॅटरीला अडीच तास लागायचे. या पस्तीस-चाळीस मिनिटांत हिरव्या झाल्या. मला वाटलं, बरं झालं, बाराच्या आत झोपायला मिळेल. सहाही बॅटऱ्यांना मल्टीमीटर लावला, २०.८ व्होल्ट. व्होल्टेज बघून आत किती माल आहे ते कळत नाही. लोड लावूनच मोजा. मला त्या रात्री तेवढा वेळ नव्हता. लग्नसराईत कुणाला असतो?

गोरज मुहूर्त होता. तिसरी मंगलाष्टका सुरू असताना पॅनेल विझला. सोळा मिनिटं चालला होता. दुसरी बॅटरी चौदा मिनिटं गेली. तिसरी लावली आणि दहाव्या मिनिटाला तिचा खालचा भाग हाताला चटका बसेल इतका तापलेला लागला, तेव्हा मीच काढली. मंडपात नवरीचे मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "शूटिंगवाल्याची लाइट गेली हो." हार घालतानाचं शूटिंग अंधारात आलंय. ३५,००० ठरले होते, २६,००० हातात पडले. मी वाद घातला नाही, कोणत्या तोंडाने घालणार?

घरी येऊन एक उघडली. वरच्या ओळीत पाच सेल, खालच्या ओळीचे पाच खण रिकामे, खडखडू नये म्हणून फोम कोंबलेला. सेलवर गुलाबी प्लास्टिक नवं कोरं. ब्लेडने सोललं तर खाली दुसऱ्याच रंगाचं जुनं वेष्टण आणि टोकांवर आधीच्या वेल्डिंगचे ठिपके. कुठल्यातरी जुन्या पॅकमधून उपटलेले सेल होते. मोजल्यावर १.१ एएच भरले. ९० वॅट-अवरचे पैसे घेऊन वीसच्या आसपास दिले. वर लेबलवर बीआयएसचा, म्हणजे सरकारी मानक संस्थेचा, आर नंबरही (नोंदणी क्रमांक) नाही. लिथियम बॅटरीवर तो सक्तीचा आहे. नसेल तर घेऊच नका.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी सांगितलं, "माल मिळालाय ना तुम्हाला? मग फसवणूक कसली? दिवाणी मॅटर आहे." मी उघडलेली बॅटरी टेबलावर ठेवली, रिकामे खण दाखवले. "हे आम्हाला काय कळणार?" म्हणाले. कळत नसेल तर कळणाऱ्याला बोलवा! खोटं सांगून पैसे काढणं म्हणजे फसवणूकच, भारतीय न्याय संहितेचं ३१८ वं कलम त्यासाठीच आहे. मग म्हणाले, आरोपी परराज्यातला, आमच्या हद्दीत येत नाही. हद्द कुठलीही असो, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे नव्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय. ते मी म्हटल्यावर आवाज चढला, "आम्हाला कायदा शिकवू नका." तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला. पोच मागितली तर वीस मिनिटं शिक्का सापडेना. त्यानंतर एक फोन नाही. बँकेत गेलो तर काउंटरवरचा म्हणतो, पिन तुम्हीच टाकला. हो, मीच टाकला, मला काय विकलं जातंय ते खोटं सांगितलं म्हणून टाकला! ज्या खात्यात पैसे गेले त्याचा नंबर, नाव, तारीख, वेळ सगळं त्यांच्यासमोर आहे, तरी ते खातं चालूच. तीन आठवडे माझी कामं बुडाली ती कुणी धरायची?

एका वकिलाने तर सांगितलं, तुम्ही धंद्यासाठी घेतल्या, तुम्ही ग्राहकच नाही. हे ऐकून गप्प बसू नका. पोटापाण्यासाठी स्वतः काम करणाऱ्याने स्वतःच्या वापरासाठी घेतलेला माल असेल तर तो ग्राहकच, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तसा खुलासा आहे. पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी नाही. मी आता तिथेच अर्ज टाकलाय.

पैसे पाठवताना स्क्रीनवर दुकानाचं नाव न येता भलत्याच माणसाचं नाव आलं, तर तिथेच थांबा. माझ्या वेळी तसंच आलं होतं. "भाई का अकाउंट है" म्हणाला. बिल मागितलं तर "जीएसटी का अठरा परसेंट अलग लगेगा", म्हणून मीच सोडून दिलं. बिल सोडू नका, आज माझ्याकडे दाखवायला चॅटशिवाय काही नाही. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. आणि फसलात हे कळल्या कळल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी लाजेखातर अकरा दिवस घालवले, तोवर पैसे कुठल्या कुठे गेले असतील.

उरलेल्या पाच बॅटऱ्या घराबाहेर वाळूच्या बादलीत ठेवल्यात. पुरावा म्हणून टाकता येत नाहीत आणि घरात ठेवायची भीती वाटते.

काल रात्री तीच जाहिरात परत दिसली. फोटोही तोच, भाव आता १,९५०. तुमच्यासमोर आली तर त्याला एवढंच सांगा, बॅटरी काट्यावर ठेव आणि व्हिडिओ पाठव.