एसेंडन बॉम्बर्सची मेंबरशिप : नऊ सीझननंतरचा रिव्ह्यू

मेलबर्नला नवीन आलेली आपली मंडळी मला दर मार्चमधे विचारतात की फुटीची, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलची, मेंबरशिप घ्यायची तर कुठल्या क्लबची घ्यावी, तू तर इतकी वर्षं एसेंडनची घेतेयस तर घेऊ का, म्हणून एकदा नीट बसून लिहितेय. २०१७ पासून मेंबर आहे, २०२५ धरून नऊ सीझन झाले, घरात तीन कार्ड आहेत. मेंबरशिप म्हणून पाचपैकी साडेतीन स्टार, क्लब म्हणून दोन, आणि ते दोन देतानासुद्धा जीवावर येतंय कारण मला हा क्लब मनापासून आवडतो.

आधी मेंबरशिपचं सांगते, ते सोपं आहे. सीझनला अकरा होम गेम्स, त्यातल्या बऱ्याच डॉकलँड्सच्या मार्व्हल स्टेडियममधे आणि काही एमसीजीवर. आम्ही क्रेगीबर्न लाइनवर राहतो, ट्रेनने सदर्न क्रॉसला उतरलं की पुलावरून चालत थेट गेटपाशी, पार्किंगची कटकट नाही. घरचं खाणं आत नेता येतं ही आपल्यासाठी फार मोठी गोष्ट आहे, आम्ही थालीपीठ आणि दही नेतो आणि मुलगा तिथले हॉट चिप्स घेतोच. मॅच सुरू व्हायच्या आधी प्लेयर्स एका भल्यामोठ्या कागदी बॅनरमधून पळत येतात, तो बॅनर क्लबचे व्हॉलंटियर्स स्वतःच्या हाताने करतात, एवढी मेहनत दहा सेकंदात फाटते आणि तरी पुढच्या मॅचला नवीन तयार. ज्यांनी हा खेळ कधी बघितला नाही त्यांना एवढंच सांगते की हा क्रिकेटच्याच ग्राउंडवर खेळतात, एका बाजूला अठरा जण, मधल्या दोन खांबांतून किक गेली की सहा पॉइंट, बाजूच्या फटीतून गेली की एक. समजायला दोन मॅचेस लागतात, तिसऱ्या मॅचला तुम्ही पण ओरडायला लागता.

आता क्लबचं.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, माझा मुलगा त्यांना पॉप म्हणतो, म्हणून आम्ही सगळेच म्हणतो. लहानपणापासून विंडी हिलला, म्हणजे क्लबच्या जुन्या ग्राउंडवर, वडिलांचा हात धरून जाणारा माणूस. आमची पहिली मेंबरशिप त्यांच्यामुळेच घेतली आणि सीट पण त्यांच्या शेजारी. ते दर मॅचला गेटवर फुटी रेकॉर्ड विकत घेतात, म्हणजे मॅचचं छोटं मॅगझिन, त्यात स्कोअर लिहायचं पान असतं, आणि पेन्सिलीने प्रत्येक गोल त्यात मांडतात. त्यांच्या घरी सगळे रेकॉर्ड जपून ठेवलेत. त्यातला एक त्यांनी मला हातात घेऊन दाखवला होता, ४ सप्टेंबर २००४ चा, एमसीजी, एसेंडन विरुद्ध मेलबर्न. पेन्सिलीचं लिखाण फिकट झालंय, शेवटच्या क्वार्टरमधे अक्षर वाकडंतिकडं झालंय कारण मॅच फार अटीतटीची झाली, एसेंडन पाच पॉइंट्सनी जिंकली. एसेंडनने फायनल्समधे जिंकलेली ती शेवटची मॅच.

इथे फायनल्स म्हणजे शेवटची एकच मॅच नव्हे, सप्टेंबरमधे वरच्या टीम्सच्या बाद फेरीच्या ज्या मॅचेस होतात त्या सगळ्या फायनल्स. तर २००४ नंतर त्यातली एकही नाही. २००९ ला ॲडलेडकडून ९६ ने हरले, २०११ ला कार्लटनकडून ६२ ने, २०१४ ला नॉर्थ मेलबर्नकडून १२ ने, २०१७ ला सिडनीकडून ६५ ने, २०१९ ला वेस्ट कोस्टकडून ५५ ने, २०२१ ला वेस्टर्न बुलडॉग्जकडून ४९ ने. आणि मी मेंबर झाल्यापासूनच्या तीनही फायनल्स मेलबर्नबाहेर झाल्या, सिडनी, पर्थ आणि टास्मानियात लॉन्सेस्टन, म्हणजे मी त्या सगळ्या पॉपच्या सोफ्यावर बसून बघितल्या.

बरं हा काही गरीब बिचारा छोटा क्लब नाहीये. सोळा प्रीमियरशिप्स, म्हणजे सीझनची विजेतेपदं. २००० सालची टीम तर अशी होती की अख्ख्या वर्षात एकच मॅच हरली आणि ग्रँड फायनल, म्हणजे विजेतेपदाची मॅच, साठ पॉइंट्सनी जिंकली. मेंबर्स ऐंशी हजारांच्या वर. वर्षातली दोन सगळ्यात मोठी व्यासपीठं यांच्याकडे आहेत, एक एप्रिलमधली अँझॅक डेची, म्हणजे इथल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाची, कॉलिंगवूडबरोबरची मॅच जी १९९५ पासून चालू आहे, आणि दुसरी रिचमंडबरोबरची ड्रीमटाइम, जी इथल्या मूळ रहिवाशांच्या सन्मानार्थ होते. पैसा आहे, पाठिंबा आहे, टुलामरीनला एअरपोर्टजवळ २०१३ पासून मोठा ट्रेनिंग सेंटर आहे. मग अडतंय कुठे?

लोकं पटकन २०१३ चं सप्लिमेंट्स प्रकरण पुढे करतात. ते खरंच भयंकर होतं. २०१२ मधे प्लेयर्सना इंजेक्शन्स देण्याचा जो प्रोग्रॅम चालला त्याची चौकशी लागली, २०१३ ला टीम फायनल्समधून बाहेर काढली, वीस लाख डॉलर दंड, ड्राफ्टमधले पिक्स, म्हणजे नवीन तरुण प्लेयर्स निवडायचे नंबर, गेले, कोच जेम्स हर्डवर वर्षाची बंदी. आणि एवढ्यावर संपलं नाही, जानेवारी २०१६ मधे स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने चौतीस आजी-माजी प्लेयर्सवर बंदी घातली, जोब वॉटसनचं २०१२ चं ब्राउनलो मेडल, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम प्लेयरचं मेडल, गेलं, आणि त्या वर्षी क्लब शेवटच्या नंबरवर, १९३३ नंतर पहिल्यांदा. ज्या पोरांनी क्लबवर विश्वास ठेवून इंजेक्शनसाठी हात पुढे केला त्यांचं करिअर जळलं, यासाठी मी क्लबला कधीच माफ करणार नाही. पण दहा वर्षं झाली त्याला. दहा वर्षांत ब्रिस्बेन २०१७ ला तळाला होतं ते २०२४ आणि २०२५ अशा लागोपाठ दोन प्रीमियरशिप्स घेऊन मोकळं झालं. त्यामुळे आता सगळं त्या प्रकरणावर ढकलणं मला पटत नाही.

माझं मत असं आहे की या क्लबचा खरा रोग धरसोड आहे. यांना कायम वाटतं की आपण एक पाऊल लांब आहोत, एक मोठा प्लेयर आणला, एक मोठा कोच आणला की झालं. कारण क्लबच्या डोक्यात अजून २००० सालची टीम बसलीय. केव्हिन शीडी १९८१ ते २००७ कोच होते, सत्तावीस सीझन. त्यांच्यानंतर मॅथ्यू नाइट्स, मग हर्ड, मग मार्क थॉम्प्सन, परत हर्ड, मग जॉन वोर्सफोल्ड, मग बेन रटन, मग ब्रॅड स्कॉट. प्रत्येक जण नवा प्लॅन घेऊन येतो, आणि प्लॅन रुजायच्या आधी वरची माणसं चुळबुळ करायला लागतात.

ड्राफ्टची पद्धत काय आहे, जी टीम खाली तिला तरुण पोरांमधून आधी निवडायला मिळतं. म्हणजे पडलात तर नीट पडा, चार-पाच वर्षं सोसा, एकाच वयाची पोरं एकत्र वाढवा, हा इथला रस्ता आहे. एसेंडन तसं कधी करतच नाही. २०१६ ला शेवटचा नंबर आला, पहिला पिक मिळाला, अँड्र्यू मॅग्रा घेतला, चांगला घेतला. आणि पुढच्याच वर्षी, २०१७ संपल्यावर, बाहेरून जेक स्ट्रिंगर, ॲडम साड, डेव्हन स्मिथ असे तयार प्लेयर्स आणले. २०१८ संपल्यावर डिलन शीलसाठी दोन फर्स्ट राउंड पिक्स देऊन टाकले, एक त्या वर्षीचा आणि एक पुढच्या. पाया ओला असतानाच वरचा मजला चढवायचा. मग २०२० च्या शेवटी आमचा ज्यो डॅनिहर ब्रिस्बेनला गेला, साड कार्लटनला, फँटेशिया पोर्ट ॲडलेडला, आणि परत नवी सुरुवात. डॅनिहरने २०२४ ला तिथे प्रीमियरशिप जिंकली, मी टीव्हीवर त्याचा चेहरा बघितला आणि खरंच आनंद झाला मला त्याच्यासाठी, पण पॉप उठून किचनमधे गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

२०२० ला आठ, नऊ आणि दहा असे तीन सलग पिक्स मिळाले, कॉक्स, पर्किन्स आणि रीड. यात नशिबाचा भाग आहे हे मान्य करायलाच हवं, कॉक्सला डोक्याच्या माराने आणि रीडला एकामागून एक इंजरीने खेळूच दिलं नाही. पण इंजरी दरवर्षी एवढ्या का होतात हा प्रश्न पण क्लबनेच स्वतःला विचारायला हवा.

धरसोडीचा कळस २०२२ ला झाला. रटन कोच असतानाच क्लबची मंडळी ॲलिस्टर क्लार्कसन या नावाजलेल्या कोचच्या मागे लागली, सगळ्या पेपरांत बातम्या, त्याच आठवड्यात प्रेसिडेंट बदलले, आणि तो बिचारा रटन शेवटच्या मॅचला कोचच्या बॉक्समधे बसलेला. क्लार्कसनने नॉर्थ मेलबर्न निवडलं. रटनला काढलंच. मग नवीन सीईओ नेमले त्यांनी त्यांच्या चर्चच्या वादावरून एका दिवसात राजीनामा दिला. घरचं कर्तं माणूसच असं वागायला लागल्यावर पोरं मैदानावर शांत डोक्याने खेळतील कशी? याउलट रिचमंडचं बघा, २०१६ ला तेरावे आले, सगळे म्हणत होते कोच हार्डविकला काढा, त्यांनी नाही काढलं, आणि २०१७ ला सदतीस वर्षांनी प्रीमियरशिप जिंकले. घरात बदल त्यांनी पण केले, पण माणूस धरून ठेवला.

मैदानावर काय दिसतं ते सांगते, कारण नऊ वर्षं तेच बघतेय. बॉल हातात असताना ही टीम सुंदर खेळते, धावत सुटतात, झॅक मेरेट गर्दीतून वाट काढून लांब पास देतो तेव्हा अंगावर काटा येतो. बॉल गेला की मात्र समोरच्याला अडवायला कोणी जीव तोडून परत पळत नाही. तीन-चार गोल लागोपाठ बसतात आणि खांदे पडतात. २०२३ च्या अँझॅक डेला तीन क्वार्टर्सनंतर २८ ने पुढे होतो, तेरा ने हरलो. २०२४ च्या अँझॅक डेला ८५-८५ बरोबरी झाली, त्र्याण्णव हजारांच्या वर माणसं, आणि शेवटचा सायरन वाजल्यावर इतकी विचित्र शांतता की माझा मुलगा विचारतो आई, आपण जिंकलो का?

आणि सीझनचा दुसरा अर्धा भाग म्हणजे ये रे माझ्या मागल्या. २०२३ ला फायनल्सच्या दारात होते, शेवटून दुसऱ्या मॅचला जायंट्सकडून १२६ ने हरले. २०२४ ला मधे टॉप फोरमधे होते, अकरावे संपले. २०२५ ला पहिल्या दहात सहा जिंकले आणि मग सलग तेरा हरले. इंजरी इतक्या की दर आठवड्याला एखादं नवीन पोरगं पदार्पण करत होतं, आणि खरं सांगते, त्या पोरांनी हरताना पण जी जान लावली ती बघून मला बरं वाटलं. सीझन संपल्यावर कॅप्टन मेरेटने हॉथॉर्नला जायचं म्हणून सांगितलं, क्लबने सोडलं नाही. मला मेरेटचा राग आला नाही. २०१४ पासून खेळतोय, एकही फायनल जिंकलेला नाही. डायसन हेपल अडीचशेच्या वर मॅचेस खेळून २०२४ ला रिटायर झाला, त्यानेही नाही. एवढी चांगली माणसं अशीच हाती काही न लागता जातात याचं दुःख मला स्कोअरपेक्षा जास्त आहे.

तर घ्यायची का मेंबरशिप? मुलं असतील तर घ्या. काही मॅचेसनंतर सगळ्यांना ग्राउंडवर सोडतात, लहान पोरं, बाप, आज्या, सगळे आपापले बॉल घेऊन एकमेकांना किक मारत बसतात, हरलेली मॅच असली तरी त्या गवतावर माझ्या मुलाच्या चेहऱ्यावर जे असतं त्यासाठी मी पैसे देते. आणि आजूबाजूच्या सीट्सवरची माणसं, नऊ वर्षांत कोणी आम्हाला परकं वाटू दिलं नाही, माझं थालीपीठ आता मागच्या रांगेतल्या दोन बायकांना पण लागतं. जिंकायचीच सवय हवी असेल तर दुसरा क्लब बघा, स्पष्ट सांगते.

क्लबकडून मला एकच हवंय. स्कॉटला किंवा जो कोणी कोच असेल त्याला, ही २०२५ ची नवी पोरं हातात देऊन पाच वर्षं हात लावू नका. ट्रेडमधे कोणी मोठं नाव दिसलं तरी पिक्स देऊ नका. मेंबर्सना दरवर्षी फायनल्सचं गाजर दाखवू नका, सरळ सांगा की वेळ लागेल, आम्ही थांबतो, आम्ही इतकी वर्षं थांबलोच आहोत.

पॉपना आता तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्या चढवत नाहीत. गुडघा गेलाय, आणि पेन्सिल धरताना हात थरथरतो, म्हणून २०२५ च्या मधल्या मॅचेसपासून रेकॉर्डमधे गोल माझा मुलगा मांडतो आणि पॉप शेजारून नंबर सांगतात. २०२६ साठी आम्ही चौघांनी खाली, रांगेच्या कडेच्या सीट्स मागितल्यात. रिन्यू करून झालंय.