ई-हक्कवरची वारसनोंद: सोय चांगली, पण नावं स्वतः वाचून घ्या

नवरा गेला की मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होऊन जाते. २१ दिवसांच्या आत केली तर पैसेही लागत नाहीत. सातबाऱ्यावर वारस लावायचं मात्र 'वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू' म्हणून मागे पडतं. कायद्याने तीन महिन्यांत कळवायचं असतं, पण खरी घाई पेरणीची. सातबाऱ्यावर नाव नसेल तर सोसायटीत नवं पीककर्ज मिळत नाही, आणि मयताच्या नावाचा पीएम किसानचा हप्ताही बंद होतो. माघ-फाल्गुनात माणूस गेलं असेल तर पाडव्याच्या आत अर्ज टाकावा, म्हणजे मृगाआधी काम व्हायला वेळ मिळतो.

ई-हक्क ही असा अर्ज ऑनलाइन करायची सरकारी प्रणाली. तिचा मोठा फायदा म्हणजे हातात अर्ज क्रमांक राहतो. सज्जावर, म्हणजे तलाठी कार्यालयात, कागद दिला आणि तो कुठे गेला ते कळलंच नाही, असं होत नाही. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांचं स्वयंघोषणापत्र, आधार आणि रेशनकार्ड तयार ठेवा. अर्ज दुसऱ्याने भरला तरी मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. पुतण्याचा नंबर दिला की त्रुटीचा निरोप त्याच्याकडे जातो.

अर्ज परत येतो तो बहुतेकदा नावामुळे. सातबाऱ्यावर 'रामा', दाखल्यावर 'रामचंद्र'. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं शपथपत्र आधीच जोडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रणाली तुम्ही भरलेली नावंच पुढे पाठवते, राहून गेलेलं नाव ती शोधत नाही. हिंदू वारसा कायद्यात पत्नी, मुलगे, मुली आणि मयताची आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. लग्न झालेल्या मुली आणि म्हातारी सासू हमखास गळतात, आणि पुढे त्यावरूनच हरकत येते. मुलं लहान असतील तर त्यांच्या नावापुढे 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता, म्हणजे लहान मुलांची पालक) म्हणून आईचं नाव लागतं. त्यांच्या हिश्श्याची जमीन विकायची तर कोर्टाची परवानगी हवी, आणि मूल १८ वर्षांचं झालं की तो शेरा अर्ज करून काढावा लागतो.

ग्राम महसूल अधिकाऱ्याने (पूर्वीचे तलाठी) फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद) धरला की १५ दिवसांची नोटीस निघते. ती 'आपली चावडी' पोर्टलवर दिसते. तिथे नाव, गट नंबर आणि हरकतीची शेवटची तारीख बाईने स्वतः बघावी, वाचता येत नसेल तर मुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावी. या १५ दिवसांत चूक दाखवणं सोपं असतं. मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केल्यावर तीच चूक काढायला अपिलात जावं लागू शकतं.

तेराव्याच्या गडबडीत कुणी 'वारसासाठी लागतंय' म्हणून हक्कसोडपत्र पुढे केलं तर सही करू नका. वारसनोंदीला ते लागत नाही. तो वेगळा दस्त आहे, दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो, आणि त्यात बाईचा हिस्साच जातो.

सातबाऱ्यावर अजून सासऱ्यांचंच नाव असेल तर मात्र ऑनलाइनच्या भरवशावर राहू नका. आधी सासऱ्यांचे वारस, मग नवऱ्याचे, अशा दोन नोंदी लागतात, आणि सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखलाच नसेल तर काम तिथेच अडतं. दोन्ही दाखले आणि जुने फेरफार घेऊन थेट सज्जावर जा.