फुलब्राइटचा सहा आठवड्यांचा शिक्षक कार्यक्रम: नागपूरच्या माध्यमिक शिक्षकाला कितपत कामाचा?

नागपूर जिल्ह्यात नववी-दहावीला शिकवणाऱ्या कायम शिक्षकाने परदेशातल्या एकाच कार्यक्रमासाठी अर्ज करायचा म्हटलं, तर तो फुलब्राइट टीचिंग एक्सलन्स अँड अचीव्हमेंट हाच असावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट योजनेतल्या या कार्यक्रमाला शिक्षकांत टीईए म्हणतात. खर्च पूर्ण मिळतो आणि मुदत साधारण सहा आठवड्यांची असल्याने रजा मागणं शक्य कोटीत राहतं. पण खरं मोल आहे ते अमेरिकेतल्या चालू शाळेत, चालू वर्गात घालवायच्या तासांचं. पैसे भरून होणाऱ्या आठ-दहा दिवसांच्या अभ्यासदौऱ्यांत नेमकं तेच नसतं.

फुलब्राइट योजना 1946 ची. भारताशी तिचा करार 2 फेब्रुवारी 1950 रोजी झाला. टीईएचा पैसा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा, तिकडची व्यवस्था आयरेक्स या संस्थेची आणि भारतातली निवड यूएसआयईएफ म्हणजे युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशनची. यूएसआयईएफचं मुख्य कार्यालय दिल्लीत आहे, महाराष्ट्रासाठी मुंबईचं कार्यालय. अर्जाला शुल्क नाही. कोणी ‘फुलब्राइट मिळवून देतो’ म्हणून पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. 2025 मध्ये परराष्ट्र खात्याच्या अशा कार्यक्रमांचा निधी काही काळ अडला होता, त्यामुळे यंदा अर्जांचं आवाहन निघालं आहे का, हे यूएसआयईएफच्या संकेतस्थळावर बघून मगच पुढची धावपळ करावी. जुन्या वर्षाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत राहते. तिच्यातल्या तारखांवर विसंबू नका.

पात्रता सरळ आहे: पूर्णवेळ माध्यमिक शिक्षक, पदवी आणि किमान पाच वर्षांचा अनुभव. विषय इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे किंवा विशेष शिक्षण. मराठी माध्यम आड येत नाही. फक्त इंग्रजीची पातळी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेच्या कागदी आवृत्तीतल्या 450 गुणांच्या तोडीची लागते. वर्गात इंग्रजीतून शिकवत नसलेल्या पण वाचन चांगलं असलेल्या शिक्षकाला ती गाठता येते. अडतं ते ऐकण्यात. अमेरिकी उच्चारातली व्याख्यानं रोज अर्धा तास, मजकूर समोर न ठेवता, तीन-चार महिने ऐकली तर फरक पडतो. फक्त मराठी, हिंदी किंवा संस्कृत शिकवणाऱ्यांना मात्र इथे जागा नाही. हे आम्हाला खटकतं, कारण भाषाशिक्षणाचे प्रश्न त्यांच्याही वर्गात तेच असतात.

जाण्या-येण्याचं विमान, राहणं-जेवण, विद्यापीठाचं शुल्क, दैनंदिन भत्ता आणि आजार-अपघाताचं संरक्षण हे सगळं कार्यक्रमात येतं. कुटुंबाला सोबत नेण्याची सोय नाही. रक्तदाबाच्या किंवा थायरॉइडच्या गोळ्या पूर्ण मुदतीच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह बरोबर घ्या. दाताचं दुखणं आणि चष्म्याचा नंबर नागपुरातच उरकून घ्या, तिथे ही दोन्ही कामं फार महाग पडतात.

आता मुख्य गोष्ट. वेगवेगळ्या देशांतले शिक्षक एका अमेरिकी विद्यापीठात एकत्र येतात. तिथे अध्यापनपद्धती, पाठनियोजन आणि तंत्रज्ञान यांवर चर्चासत्रं होतात आणि जवळच्या माध्यमिक शाळेत तिथल्या एका शिक्षकाच्या जोडीने किमान 40 तास काम करायचं असतं. चर्चासत्रांना आम्ही मध्यम गुण देऊ. तुकडीत सगळ्या विषयांचे आणि सगळ्या अनुभवाचे लोक असतात, त्यामुळे विषयाच्या खोलात कोणी जात नाही. वीस वर्षं भूमिती शिकवलेल्याला पाठनियोजनाची पहिली सत्रं बाळबोध वाटतील. शाळेतले 40 तास मात्र अव्वल आहेत, पण ते नीट वापरले तरच.

हे तास वाया कसे जातात तेही सांगायला हवं. पाहुणे शिक्षक मागच्या बाकावर बसून नोंदी घेतात, फळ्याचे फोटो काढतात, निरोप समारंभात साडी किंवा फेटा मिरवतात आणि परततात. शिकवायची वेळ येतच नाही. म्हणून पहिल्याच भेटीत जोडीदार शिक्षकाशी ठरवून घ्या की कोणत्या आठवड्यात, कोणत्या घटकाचे, किती तास तुम्ही शिकवणार. स्वतःचा एक पूर्ण घटक इथूनच इंग्रजीत तयार करून न्या. पायथागोरसचं प्रमेय, विद्युत धारेचे परिणाम किंवा राज्यघटनेची उद्देशिका, असं काही जे दोन्हीकडे शिकवलं जातं. विद्यार्थ्यांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय काढता येत नाहीत, हे आधीच ध्यानात ठेवा.

काय बघायचं, हाही विवेक लागतो. तिथे शिक्षकाची खोली ठरलेली असते आणि मुलं तास बदलताना खोल्या बदलतात. वर्गात वीस-पंचवीस मुलं, हाताशी संगणक. आपल्याकडे पस्तीस मिनिटांची तासिका, जोडबाक आणि साठ मुलं. त्यामुळे संगणकावरचे खेळ आणि खोलीभर मांडलेले कृतीकोपरे यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. साठ मुलांत टिकेल असंच उचला. तासाच्या शेवटच्या चार मिनिटांत पाव कागदावर एकच प्रश्न सोडवून घ्यायचा आणि चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करायचे: जमलं, अडलं, कळलंच नाही. साठ चिठ्ठ्या वेगळ्या करायला दहा-बारा मिनिटं लागतात आणि उद्याचा तास कुठून सुरू करायचा ते कळतं. प्रश्न विचारून लगेच उत्तर न घेता मनातल्या मनात पाच आकडे मोजण्याइतका वेळ थांबणं, निबंधाचे गुण कशाकशाला मिळणार त्याचा तक्ता लिहिण्याआधीच मुलांच्या हाती देणं, पुढच्या बाकावरच्यांनी मागे वळून चौघांचा गट करणं, या सगळ्याला पैसा लागत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतही ते चालतं.

निवड अर्जावर होते आणि अर्ज पडतो तो निबंधांत. ‘अमेरिकेची प्रगत शिक्षणपद्धती जवळून पाहायची आहे’ किंवा ‘लहानपणापासून अध्यापनाची ओढ होती’ अशा वाक्यांनी निवड समितीला काहीच कळत नाही. नववी ‘ब’ मध्ये 58 मुलं, त्यांतली निम्मी शाब्दिक उदाहरणांत अडतात. उदाहरण आधी मराठीत स्वतःच्या शब्दांत सांगायला लावून पाहिलं. त्याने इतकं सुधारलं, इथे मात्र अडकलं. म्हणून अमुक गोष्ट शिकायची आहे आणि परतल्यावर शाळेतल्या अमुक शिक्षकांपर्यंत ती अशी पोहोचवणार. या क्रमाने लिहा. आकडे आणि नमुने तुमच्याच टाचणवहीतून, गुणपत्रकांतून येऊ द्या. दुसऱ्याकडून लिहून घेतलेला, गुळगुळीत इंग्रजीतला निबंध मुलाखतीत उघडा पडतो, कारण तिथे त्याच वर्गाबद्दल उलट प्रश्न येतात. शिफारसपत्र मोठ्या पदाच्या माणसाचं नको, तुमचा तास प्रत्यक्ष पाहिलेल्या मुख्याध्यापकाचं किंवा पर्यवेक्षकाचं हवं.

नागपूरच्या शिक्षकासाठी सगळ्यात अवघड टप्पा रजेचा. कार्यक्रमाच्या तुकड्या साधारण वर्षाच्या सुरुवातीला किंवा सप्टेंबरच्या आसपास जातात. पहिली तुकडी थेट प्रात्यक्षिकं, फेब्रुवारी-मार्चमधली बारावी आणि दहावी यांच्यावर आदळते. दुसरी त्यामानाने सोयीची, पण विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, पहिलं सत्र मुळातच आखूड असतं आणि सहा आठवडे गेले की प्रथम सत्र परीक्षेपर्यंत अभ्यासक्रम शिकवून होत नाही, उरकावा लागतो. तुकडीची निवड कार्यक्रमाकडे असते, म्हणून दोन्ही काळांचं नियोजन अर्जाच्या वेळीच करून ठेवा: कोणता पाठ कधी संपणार, तुमच्या तासिका कोण घेणार, घड्याळी तासिकेवर कोणी मिळेल का. हे एका पानावर लिहून मुख्याध्यापकांसमोर ठेवलं की ‘नाही’ म्हणणं त्यांना कठीण जातं.

शाळेच्या पाठिंब्याच्या फॉर्मवर मुख्याध्यापकांची सही झाली म्हणजे रजा मंजूर झाली, असं नाही. खाजगी अनुदानित शाळेत संस्थेचा ठराव आणि माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडचा प्रस्ताव हे पुढचे टप्पे आहेत. शिवाय रजा मंजुरी आणि परदेशगमनाची परवानगी हे दोन वेगळे कागद आहेत. एकाच अर्जात दोन्ही मागितलं की फाइल त्रुटी लागून परत येते. प्रत्येक अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. निवडीचं पत्र हाती येईपर्यंत थांबू नका. अर्ज केल्याची लेखी कल्पना आधीच देऊन ठेवा. रजा कोणत्या प्रकारची, हे पत्रात स्पष्ट नसेल तर नंतर वेतन देयकात कपात दिसते आणि ती दुरुस्त करायला महिने जातात.

नावाची भानगड तर जवळपास प्रत्येक शिक्षिकेला भेडसावते. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं आडनाव आधी, सेवापुस्तकात सासरचं, पासपोर्टवर तिसराच क्रम. व्हिसासाठीचं डीएस-2019 हे पात्रता प्रमाणपत्र पासपोर्टवरच्या नावाने निघतं, म्हणून अर्जात पहिल्या दिवसापासून पासपोर्टवरचंच नाव अक्षरन् अक्षर लिहा आणि विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद जोडा. पासपोर्टसाठी मुंबईला जावं लागत नाही, नागपुरात पासपोर्ट सेवा केंद्र आहे. परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैधता असू द्या.

व्हिसा जे-1 म्हणजे देवाणघेवाण कार्यक्रमांच्या प्रकारचा. डीएस-160 हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरून मुंबई गाठावी लागते: एकदा बोटांच्या ठशांसाठी, एकदा मुलाखतीसाठी. दोन्ही भेटी लागोपाठच्या दिवशी घ्या म्हणजे विदर्भ किंवा दुरंतोची एकच फेरी पुरते. मोबाइल वाणिज्य दूतावासात नेता येत नाही, तो ठेवायची सोय आधी करा. या व्हिसाला दोन वर्षांची अट आहे. परतल्यावर भारतात एकूण दोन वर्षं राहिल्याशिवाय अमेरिकेचा नोकरीसाठीचा एच किंवा एल व्हिसा अथवा ग्रीन कार्ड मिळत नाही. पर्यटक म्हणून जाण्याला ती आड येत नाही.

कार्यक्रमाची उणी बाजू परतल्यावर दिसते. माजी सहभागींना छोट्या अनुदानासाठी अर्ज करता येतो, पण त्याला पुन्हा प्रस्ताव, अंदाजपत्रक आणि संस्थेची संमती लागते. शाळेच्या पातळीवर पाठपुरावा करणारं कोणी नसतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये शिक्षकासाठी वर्षाला 50 तासांचा व्यावसायिक विकास सुचवला आहे. तालुक्याच्या विषय परिषदेत दोन-तीन सत्रं घेऊन परतलेल्या शिक्षकाने आपलं काम त्यात बसवावं, नाहीतर ते एका शाळेच्या भिंतीआड राहतं.

पर्यायांविषयी थोडक्यात. फुलब्राइटचाच डिस्टिंग्विश्ड अवॉर्ड्स इन टीचिंग हा कार्यक्रम एका सत्राचा आहे. त्यात स्वतःचा शोधप्रकल्प करावा लागतो आणि प्राथमिक शिक्षक, ग्रंथपाल, समुपदेशकही पात्र ठरतात. अभ्यास खोल होतो, पण चार-पाच महिन्यांची रजा अनुदानित शाळेत क्वचितच मिळते. जपान सरकारची शिक्षक प्रशिक्षण शिष्यवृत्ती 35 वर्षांखालच्या, पाच वर्षं अनुभव असलेल्यांसाठी. मुदत दीड वर्ष, सुरुवातीचे सहा महिने जपानी भाषेत जातात, विद्यावेतन महिना सुमारे 1,43,000 येन आणि शेवटी पदवी नाही, प्रमाणपत्र मिळतं. नव्याने रुजू झालेल्या, घरची जबाबदारी कमी असलेल्या गणित-विज्ञान शिक्षकालाच ती सुचवावी. ज्यांना घर सोडणं शक्य नाही त्यांच्यासाठी आयअर्न आहे. देशोदेशींच्या शाळांना ऑनलाइन जोडणारं हे जाळं 1988 पासून चालू आहे आणि भारतातलं त्याचं केंद्र पुण्यात आहे. त्याच्या लर्निंग सर्कलमध्ये सहा-आठ शाळांचे वर्ग एका विषयावर मिळून काम करतात. एक वर्ग, एक संगणक आणि आठवड्याला दोन तासिका एवढ्यावर ते जमतं. टीईएच्या अर्जात परदेशी वर्गाबरोबर केलेल्या कामाबद्दल लिहायला काही नसेल, तर आधी हे एक सत्र पूर्ण करा आणि अर्ज पुढच्या वर्षी भरा.