नोव्हेंबरचा समुद्र: गोवा, अंदमान की लक्षद्वीप?

दिवाळी जवळ आली की कोल्हापूर, बेळगाव, पुण्याहून आमच्याकडे पणजीला फोन सुरू होतात. गोव्यालाच यावं की यंदा अंदमान करून टाकावं? आणि लक्षद्वीपचं एवढं ऐकतोय, ते नोव्हेंबरात जमेल का? हॉटेल, तिकिटं, जेवण यांची चौकशी भरपूर होते. वाऱ्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही, आणि या महिन्यात सहल साधणार की फसणार हे बरंचसं वाऱ्यावरच ठरतं.

पाणी किती गार असेल, याची काळजी सोडून द्या. तिन्ही ठिकाणी ते २८-२९ अंशांच्या आसपास असतं, लहान मूलसुद्धा तासभर डुंबू शकतं. खरा फरक वेगळा आहे. ऑक्टोबरात नैर्ऋत्य मोसमी वारे परततात आणि हळूहळू ईशान्येचा वारा धरतो. तुम्ही ज्या पुळणीवर उभे राहणार, तिच्या पाठीशी जमीन आहे की तोंडावर वारा, एवढं आधी बघायचं.

गोव्याची बाजू इथे भक्कम आहे. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि पाठीशी सह्याद्री. ईशान्येचा वारा जमिनीवरून येतो, त्यामुळे किनाऱ्याजवळ मोठी लाट उठवायला त्याला पाण्याचा पल्लाच मिळत नाही. नोव्हेंबरच्या मध्यानंतर सकाळी सातला मिरामारला किंवा बाणावलीला जाऊन पाहा. मतलई वारा पाठीवर लागत असतो, पाणी जवळजवळ सपाट, रापणीचं जाळं ओढणारे पाण्यात कंबरेपर्यंत उतरून शांतपणे उभे. हेच पाणी दुपारी दोननंतर ओळखू येत नाही. जमीन तापते, वायव्येकडून खारा वारा सुटतो आणि लाटा आखूड, एकमेकींवर आदळणाऱ्या होतात. हा वारा हवाच असतो म्हणा, कारण नोव्हेंबरात इथली दुपार ३३ अंशांपर्यंत जाते. पण पोहायचं असेल, होडीतून डॉल्फिन बघायला जायचं असेल, तर सकाळच धरावी. दुपारची होडी स्वस्तात मिळत असली तरी घेऊ नये, विशेषतः सोबत आजी-आजोबा असतील तर.

एक गोष्ट बाहेरून येणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. पावसाळ्यात समुद्र पुळणीवरची वाळू आत ओढून नेतो आणि ती ऑक्टोबरपासून सावकाश परत आणतो. म्हणून नोव्हेंबरच्या सुरुवातीला बऱ्याच किनाऱ्यांवर उतार उभा असतो आणि तळाला खड्डे. गुडघाभर पाण्यात चालता चालता पुढचं पाऊल छातीइतक्या पाण्यात पडतं. आगोंद दिसायला देखणं आहे, पण तिथे पाण्याला ओढ आहे. पाळोळ्याची गोष्ट निराळी. दोन्ही टोकांना खडक, मध्ये अर्धचंद्रासारखी खाडी, त्यामुळे लाट मोडूनच आत येते. मुलं बरोबर असतील तर उत्तरेच्या बागा-कळंगुटपेक्षा मी दक्षिणेला काणकोणातलं हे पाळोळेच सुचवेन. लाल बावटा असेल तिथे उतरायचं नाही, जीवरक्षक शिट्टी मारेल तेव्हा वाद घालायचा नाही. कधीकधी या दिवसांत जेलीफिशही किनाऱ्याला लागतात. पाण्यात उतरण्याआधी जीवरक्षकालाच विचारून घ्यावं.

गोव्याची उणी बाजू म्हणजे पाण्याची नितळाई. मांडवी आणि झुआरीचा गाळ नोव्हेंबरातही पुरता बसलेला नसतो. ग्रांद बेटापाशी डायव्हिंग होतं, पण या महिन्यात अंदमानचे फोटो डोळ्यांसमोर ठेवून पाण्यात गेलात तर निराशा ठरलेली. जानेवारीत चित्र बरंच सुधारतं.

आता अंदमान. तिथे ईशान्येचा वारा थेट बंगालच्या उपसागरावरून येतो आणि पाऊस घेऊन येतो. पणजीला नोव्हेंबरात सरासरी ३० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) तो २०० मिलिमीटरच्या वर असतो. म्हणजे रोज झोडपतो असं नव्हे. दोन-तीन तासांची सर येते आणि लख्ख ऊन पडतं. पण महिना कोरडा धरून चालता येत नाही.

तिथे बेटाची कोणती बाजू, हाच प्रश्न महत्त्वाचा. हॅवलॉकचा, म्हणजे २०१८ पासूनच्या स्वराज द्वीपचा, राधानगर किनारा पश्चिमेला आहे. वारा बेटाच्या जंगलावर अडतो आणि समोर पाणी शांत राहतं. पूर्वेकडच्या विजयनगर आणि कालापत्थरला तोच वारा समोरून लागतो. शिवाय तिथे ओहोटीला प्रवाळाचा खडक उघडा पडतो, पोहायला पाणीच उरत नाही. राहायची हॉटेलं मात्र बहुतेक पूर्वेलाच आहेत. तेव्हा खोलीसमोरचा निळा समुद्र बघण्यासाठी आणि पोहायला गाडीने राधानगर, असा हिशेब धरून जा. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉकची बोटही वाऱ्याच्या तोंडावरून जाते. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी गोळी घेऊनच चढावं.

आणखी एक हिशेब: घड्याळ आपलंच, पण सूर्य खूप आधी उगवतो आणि खूप आधी मावळतो. नोव्हेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्यास्त. गोव्यात त्यापेक्षा तासभर जास्त उजेड मिळतो. जेवून, आडवं होऊन, चारला समुद्रावर जाणाऱ्या कुटुंबाचा दिवस अंदमानात हातातून निसटतो.

हे सगळं खरं असलं तरी पाण्याखालचं जग बघायचं असेल तर गोवा अंदमानच्या जवळपासही येत नाही. प्रवाळ, मासे, नितळ पाणी, सगळं तिथे आहे. मी एवढंच म्हणेन की ते डिसेंबरच्या उत्तरार्धानंतर बघावं.

लक्षद्वीपची रचना या वाऱ्यासाठी जणू मुद्दाम केलेली. बहुतेक बेटं प्रवाळ कड्याच्या पूर्व अंगाला चिंचोळ्या पट्ट्यासारखी आहेत आणि उथळ लगून, म्हणजे बेट आणि कडा यांच्यामधलं पाणी, पश्चिमेला. ईशान्येचा वारा आला की बेट आणि त्यावरचे माड तो अडवतात, पश्चिमेची मोठी लाट बाहेर कड्यावरच फुटते, आणि मधलं पाणी निवांत राहतं. अगत्ती, बंगारम, कदमतच्या लगूनमध्ये वाळूचा तळ स्वच्छ दिसतो. पोहता न येणाऱ्याला समुद्राची भीती घालवायची असेल तर देशात याहून चांगली जागा मला माहीत नाही.

अडचण पोहोचण्याची. परवाना आधी काढावा लागतो, कोचीची बोट किंवा अगत्तीचं छोटं विमान, आणि दोन्हीच्या जागा मोजक्या. हवा बिघडली की दोन्ही अडतात. नोव्हेंबरात तिथेही सरी असतातच, फक्त अंदमानइतक्या नाहीत.

वादळाचा विचार तिन्हीकडे करावा लागतो, कारण ऑक्टोबर ते डिसेंबर हा आपल्या दोन्ही समुद्रांत चक्रीवादळांचा काळ आहे. २०१३च्या नोव्हेंबरात लेहर अंदमानवरून गेलं. २०१६च्या डिसेंबरात खराब हवेमुळे शेकडो पर्यटक हॅवलॉक आणि नील या बेटांवर अडकले, नौदलाची जहाजं पाठवावी लागली. २०१७ला ओखी लक्षद्वीपवरून गेलं, मिनिकॉय आणि कल्पेनीला मोठा तडाखा बसला. तेच ओखी गोव्यापासून दूर समुद्रातून वर सरकलं. इथे वारा फारसा नव्हता, तरी ३ डिसेंबरला, ऐन दत्तजयंतीच्या पौर्णिमेच्या उधाणात, मोरजी-केरीपर्यंत पाणी शॅकमध्ये शिरलं. फरक असा की गोव्यात समुद्र खवळला तर सामान उचलून मडगावला जाता येतं, रेल्वे आणि रस्ता चालू असतो. बेटावर तसं करता येत नाही.

तेव्हा माझा कौल सांगतो. हातात चार-पाच दिवस, घरात लहान-मोठे सगळे, आणि तारखा दिवाळीच्या सुट्टीला बांधलेल्या असतील तर गोवा घ्या. दोघंच असाल, परवान्याची खटपट करायची तयारी असेल आणि मागेपुढे दोन दिवस मोकळे ठेवता येत असतील, तर लक्षद्वीप, आणि तेही महिनाअखेरीला. अंदमान जानेवारी-फेब्रुवारीसाठी राखून ठेवा. नोव्हेंबरातच जायचं असेल तर परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बोटीवर विसंबू नका, दोन रात्री आधीच पोर्ट ब्लेअर गाठा. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती संस्थेचा लाटांचा अंदाज मोबाइलवर फुकट मिळतो, निघण्याआधी तो जरूर बघा.

गोवा ठरलंच तर तिथी पाहून दिवस आखा. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ साधारण कळते. लक्ष्मीपूजनाला अमावास्या, म्हणजे पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकराची भरती, आणि तीही उधाणाची. त्या दोन-तीन दिवसांत पाण्याची ओढ जास्त असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी मवाळ, मुलांना तेच दिवस बरे. पाळोळ्याच्या झोपड्या पावसाळ्यात काढलेल्या असतात आणि पुन्हा उभ्या राहायला नोव्हेंबर उजाडतो. पहिल्या आठवड्याचं आरक्षण करत असाल तर पैसे भरण्याआधी फोन करून छप्पर चढलंय का ते विचारा.